हॅजसाठी तिसरं माणूस

बिदरला शिक्षकांचं तीन दिवसांचं इंग्रजीचं प्रशिक्षण होतं, तिथं पहिल्याच दिवशी माझी चूक निघाली. प्रत्येकानं उभं राहून स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायची होती. मी आदल्या दिवशीच घोकून ठेवली होती. गाव झालं, शाळा झाली, आणि मग मी म्हणाले, “आय ॲम हॅविंग वन ब्रदर अँड टू सिस्टर्स.” शिकवायला आलेली मुलगी धारवाडकडची, पंचविशीची असेल. ती हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, आय हॅव. आय ॲम हॅविंग नाही.” आणि फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहून तिनं एकावर फुली मारली.

हसलं कुणीच नाही, आणि तेच मला जास्त लागलं. सगळे खाली मान घालून आपापल्या वहीत बघायला लागले. त्यांनीही बहुतेक हॅविंगच लिहून आणलं असणार, कारण माझ्यानंतरच्या बाई उठल्या त्या भावाबहिणींना गाळून थेट खाली बसल्या.

त्या मुलीनं नंतर कन्नडमध्ये नीट समजावून सांगितलं. जे आपण करतो त्याला आयएनजी लागतं. जे नुसतं आपल्याकडं असतं त्याला लागत नाही. भाऊ असतो, घर असतं, ताप असतो. तिथं फक्त हॅव. जेवण मात्र आपण करतो, म्हणून आय ॲम हॅविंग लंच चालतं.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती. भालकी येईपर्यंत मी तेच मनात घोळवत होते. आमच्याकडं सगळंच चालू असतं. तो जायलाय, ती खायलीय, तू काय करायलास. त्या सवयीच्या माणसाला आय ॲम हॅविंगमध्ये चूक दिसणार कशी? मला माझ्या सरांनी तसंच शिकवलं होतं आणि मी अकरा वर्षं पोरांना तसंच शिकवत आले होते. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली सगळी पोरं कुठं कुठं उभी राहून आय ॲम हॅविंग म्हणत असतील, हा विचार काही केल्या जाईना.

त्यातली एक मला पुढच्याच आठवड्यात भेटली. हुलसूरला मी एक अर्ज भरायला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, तर तिथं टेबलामागं माझीच जुनी विद्यार्थिनी. लग्न झालेलं, कपाळाला ठसठशीत कुंकू. कानाला फोन लावून ती सांगत होती, “सर, वी आर हॅविंग सर्व्हर प्रॉब्लेम.” मला बघितल्यावर फोन ठेवून उठलीच.

“बसा बाई. चहा सांगते. तुमच्यामुळं इंग्लिश बोलायलाव बघा आमी.”

मी चहा प्याले. सांगावं असं दोनदा मनात आलं. पण तिची सासूही तिथंच स्टुलावर बसली होती आणि सुनेकडं कौतुकानं बघत होती. मी अर्ज भरला आणि आले.

ठरवलं एवढंच, की आता जी पोरं हातात आहेत त्यांना तरी बरोबर शिकवायचं. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हातात पोरंच फारशी उरली नव्हती.

माझी शाळा हुलसूरपासून आठ किलोमीटरवरच्या एका लहान गावात होती. मराठी माध्यम, पहिली ते पाचवी, दोन खोल्या, चहूबाजूंनी सोयाबीन आणि तूर. गावात मराठी बोलणारी घरं होती, कन्नड बोलणारी होती, बहुतेकांना दोन्ही यायच्या आणि बाजारात तिसरी, हिंदीही चालायची. पण लेकरांना आता सगळ्यांनाच इंग्रजी शाळेत घालायचं होतं. हुलसूरहून पिवळी गाडी यायला लागली. आदल्या वर्षी नऊ मुलं होती. जूनमध्ये चार आली. त्यातल्या दोघा भावांना त्यांच्या मामानं बसवकल्याणला नेलं आणि तिसरी जुलैच्या सुरुवातीला पिवळ्या गाडीत बसली. तिनं गाडीतून मला हात केला. मीही केला.

मोठे गुरुजी मार्चमध्येच निवृत्त झाले होते. म्हणजे शाळेत मी एक शिक्षिका, पाचवीतली एक मुलगी, आणि दुपारच्या बिसिऊटाचा, म्हणजे पोरांच्या सरकारी जेवणाचा, स्वयंपाक करणाऱ्या अक्का.

मुलगी आजी-आजोबांजवळ राहायची. आईबाप पुण्याला बांधकामावर. आजोबा गावच्या टाकीचं पाणी सोडायचं काम करायचे, सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व्ह फिरवायचे. दिवाळीनंतर आईबाप तिला पुण्याला नेणार होते, म्हणून मधेच शाळा बदलायची नाही असं घरात ठरलं होतं. शाळा तिच्यामुळं चालू होती ती अशी.

मी रोज हजेरी घ्यायची. सवय होती म्हणून मोठ्यानं नाव घ्यायची, आणि ती समोरच बसलेली असूनही उभी राहून “प्रेझेंट बाई” म्हणायची. मग मी वही मिटायची. पहिल्या आठवड्यात मला ते विचित्र वाटलं. पुढं वाटेनासं झालं.

हॅवचा धडा मी जुलैतच घेतला. आय हॅव, यू हॅव, वी हॅव, दे हॅव. ही हॅज, शी हॅज, इट हॅज. तक्ता फळ्यावर लिहिला आणि तोंडी सराव सुरू केला. तिनं पेन उचललं, “आय हॅव अ पेन.” माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बोट केलं, “यू हॅव अ बुक.” इथंपर्यंत सुरळीत झालं. पुढं हॅज शिकवायला गेले आणि अडले. मी म्हणजे आय, ती म्हणजे यू. ती बोलली की ती आय, मी यू. वर्गात शी कुणीच नव्हती. चाळीस पोरांच्या वर्गात हे कधी लक्षात येत नाही, कुणाकडंही बोट दाखवता येतं. मी भिंतीवरच्या चित्रातल्या बाईकडं बोट केलं, पण तिच्याकडं घागरीशिवाय काही नव्हतं. एका वाक्यात चित्र संपलं.

तेवढ्यात अक्का दारात आल्या. पन्नाशीच्या, अंगानं उंच, गळ्यात इष्टलिंग, घरी कन्नड बोलणाऱ्या आणि आमच्याशी मराठी. एका लेकरासाठी किती तांदूळ टाकायचे हे त्यांना रोज विचारावंसं वाटायचं.

“बाई, मूठभर तांदूळ एवढ्या मोठ्या पातेल्यात तळाला दिसंना झालेत. घरनं लहान पातेलं आणू का उद्या?”

“आणा,” मी म्हणाले, आणि मुलीकडं वळले. “बोल. अक्काकडं काय आहे?”

मुलीनं विचार केला. “शी हॅज... अ राईस.”

“अ नको. शी हॅज राईस.”

“काय बोलायलाव माज्याबद्दल?” अक्कांनी विचारलं.

मुलीनं सांगितलं. अक्का दाराशीच टेकल्या. “मग आजून सांग की. तांदूळ तर सरकारचे हायेत. माजं काय हाय ते सांग.”

त्या दिवसापासून अकराच्या सुमाराला अक्का तांदळाचं ताट घेऊन दाराशी बसायला लागल्या. मुलगी त्यांच्याकडं बघून वाक्यं करायची. शी हॅज अ ग्रीन सारी. शी हॅज टू बफेलोज. शी हॅज अ सन इन कलबुर्गी. अक्का प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारायच्या आणि चुकलं असेल तर दुरुस्ती सांगायच्या. “दोन न्हाईत गं, एकच म्हस ऱ्हायलीय. दुसरी गेल्या साली दिली.” मग मुलगी वाक्य बदलायची. अक्कांना स्वतःबद्दल कुणी काही बोलतंय याचं अप्रूप वाटत होतं, हे मला दिसत होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या घरात एकट्याच होत्या.

नकारार्थी वाक्यं आली तेव्हा मुलगी रोज चुकायची. “शी डझन्ट हॅज.” मी तीनदा फळ्यावर मांडून दाखवलं. डझ आलं की हॅजचं हॅव होतं. ती मान हलवायची आणि परत तेच. चौथ्या दिवशी मी जरा चिडलेच. अक्कांनी ताटातला खडा टिपून बाजूला टाकला.

“काय चुकायलीय ती?”

मी मराठीत सांगितलं, की शेवटी एस लावायचा असतो, पण तो दोघांना लावायचा नसतो. डझला लागला की हॅजचा काढून घ्यायचा.

अक्कांनी ताट हलवून तांदूळ पसरले. “म्हंजे पातेलं उतरायचं फडकं एकच हाय म्हणा की. डझनं घेतलं तर हॅजला कुठनं मिळंल?”

मुलीला हे पटलं. नंतर वाक्य करताना ती मधे अडायची, ओठातल्या ओठात “फडकं” म्हणायची आणि बरोबर बोलायची. बिदरच्या त्या धारवाडच्या मुलीला हे कळवावं असं मला फार वाटलं. तिचा नंबर मात्र मी घेतला नव्हता.

तीन वाजता अक्का भांडी घासून जायच्या, चारला मुलगी जायची, मी कुलूप लावून टमटमची वाट बघत फाट्यावर उभी राहायची. हुलसूरला मी एका किराणा दुकानाच्या वरची खोली घेतली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. माझे पती पुण्याजवळ एका कारखान्यात सुपरवायझर, तिथं त्यांच्या भावाच्या घरी एका खोलीत राहायचे. मी सरकारी नोकरी सोडायची नाही आणि त्यांनी तिथली सोडायची नाही, असं सुरुवातीला एका वर्षापुरतं ठरलं, आणि दर वर्षी परत एका वर्षापुरतं ठरत गेलं. मूल झालं नाही. लातूरचे आणि पुण्याचे दवाखाने झाले, मग तेही बंद झाले. भांडण असं कधी झालं नाही. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा. जेवलीस का, काय केलंस, पाऊस आहे का. मी उत्तरं द्यायची, तेच प्रश्न विचारायची. कधी कधी दोघंही थांबायचो आणि त्यांच्याकडच्या टीव्हीचा आवाज मला ऐकू यायचा. मग ते म्हणायचे, “बरं, ठेवू?” मी म्हणायची, “ठेवा.”

फोन झाला की मी ताट वाढून घ्यायची. ज्या ताटाला आय ॲम हॅविंग चालतं ते. इंग्रजीचं पुस्तक पुढ्यात ठेवून जेवायची, दुसऱ्या दिवसाची वाक्यं ठरवत. एका मुलीच्या वर्गाला एवढी तयारी लागत नाही. पण मला ती हवी होती.

ऑगस्टमध्ये आम्ही प्रश्न घेतले. तिनं मला डू यू हॅवनं सुरू होणारे दहा प्रश्न विचारायचे, मी खरी उत्तरं द्यायची. तिनं छत्रीपासून सुरुवात केली. डू यू हॅव अ वॉच, डू यू हॅव अ सायकल. मग तिची गाडी माणसांकडं वळली.

“डू यू हॅव अ हसबंड?”

“येस, आय डू.”

“ते कुठायत बाई?” हे मराठीत.

“पुण्याला.”

“माजी आई पन पुण्याला हाय.” तिनं पेन्सिल दाताखाली धरली. “बाई, आय हॅव अ मदर म्हनायचं का मग? ती हितं न्हाई तर?”

“म्हणायचं.”

“कामून? जवळ न्हाई तर हॅव कसं?”

मी म्हणाले, हॅवला जवळ असावं लागत नाही. असलं म्हणजे झालं, कुठंही असो. तिनं ते ऐकून घेतलं. पटलं की नाही कळलं नाही. पावसाची झड आत येत होती म्हणून मी उठून खिडकी लावली. मागं वळले तर तिचा दहावा प्रश्न तयार होता.

“डू यू हॅव अ डॉटर?”

“नो, आय डोन्ट.”

“सन?”

“नो.”

मी गृहपाठ दिला. घरातल्या किंवा ओळखीच्या माणसांबद्दल हॅज आणि डझन्ट हॅव वापरून दहा वाक्यं.

दुसऱ्या दिवशी तिनं वही आणली. शाईचं पेन नवीन घेतलं होतं, अक्षर गोल गोल काढलेलं. आजोबांबद्दल तीन वाक्यं होती. माझ्या आजोबांकडं टाकीची किल्ली आहे. त्यांच्याकडं सायकल आहे. त्यांना दात नाहीत. आजीबद्दल दोन. अक्कांबद्दल चार, त्यात म्हैस एकच. आणि शेवटचं दहावं, माय टीचर डझन्ट हॅव अ डॉटर.

ती माझ्या खुर्चीशेजारी उभी होती, तपासण्याची वाट बघत. मी लाल पेन घेऊन एकेका वाक्यापुढं बरोबरची खूण करत गेले. दात नाहीत या वाक्यात टूथचं टीथ करून दिलं. शेवटच्या वाक्याशी आले. डझन्ट बरोबर होतं, हॅव बरोबर होतं, अ बरोबर होतं, शेवटी पूर्णविराम होता. मी खूण केली आणि खाली ‘छान’ लिहिलं.

“सगळी बरोबर?” तिनं विचारलं.

“सगळी. एक स्पेलिंग सोडून.”

ती खूश होऊन वही अक्कांना दाखवायला पळाली. अक्कांना वाचता येत नव्हतं, पण लाल खुणा मोजता येत होत्या. मी तक्ता पुसायचं निमित्त करून फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. फळा आधीच पुसलेला होता.

त्या संध्याकाळी फोनवर मी ह्यांना सांगितलं, की आज एका मुलीनं दहाच्या दहा वाक्यं बरोबर लिहिली. “अरे वा,” ते म्हणाले. कुठली वाक्यं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तपासणीला एक अधिकारी आले. मोटारसायकलवर, पाठीला बॅग, पँटला चिखलाचे शिंतोडे. माणूस वाईट नव्हता. रस्ता विचारत विचारत आल्यामुळं उशीर झाला होता, म्हणून आधी माफी मागितली. हजेरीपट बघितला, स्वयंपाकघर बघितलं. मग वर्गात येऊन मुलीसमोर बाकावर बसले. गुडघे वर येत होते त्यांचे.

नाव विचारलं, वर्ग विचारला. इंग्रजीतच विचारत होते.

“व्हॉट डझ युवर ग्रँडफादर डू?”

“ही गिव्ह्ज वॉटर.”

“टू हूम?”

“ऑल व्हिलेज.”

ते हसले. “डू यू हॅव ब्रदर्स अँड सिस्टर्स?”

“नो सर, आय डोन्ट हॅव.”

“हाऊ मेनी स्टुडंट्स डझ युवर स्कूल हॅव?”

मुलीनं एकदा मागं वळून रिकाम्या बाकांकडं बघितलं. मला वाटलं ती आकडा सांगेल. ती विचार करत होती, ओठ हलले. मग म्हणाली, “इट हॅज मी, सर.”

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. दारात बसलेल्या अक्कांनी मला खुणेनं विचारलं, चुकलं का? मी मान हलवून नाही म्हणाले.

जेवायला ते थांबले. अक्कांनी त्या दिवशी घरचं तूप आणलं होतं. अधिकारी आणि मुलगी शेजारी शेजारी भात-सांबार जेवले. नंतर बाहेर हात धुताना ते मला कन्नडमध्ये म्हणाले, “चांगलं शिकवलंय तुम्ही. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातो मी, तिथंही डझनंतर हॅजच ऐकू येतं.”

“अक्कांनी शिकवलं ते,” मी म्हणाले. त्यांना वाटलं मी विनयानं बोलतेय.

रुमालानं हात पुसून त्यांनी बॅग पाठीला अडकवली. “पण मॅडम, एका मुलीसाठी... मला लिहावं तर लागणार.”

“लिहा सर.”

“दिवाळीनंतर ती पण जाणार म्हणता.”

“हो.”

“मग राहिलंच काय,” ते म्हणाले. आणि त्यांनी मोटारसायकलला किक मारली. त्यांची गाडी चढावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघी दारात उभ्या होतो. आमच्या शाळेला पाहुणा क्वचितच यायचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या दिवशी मुलीची आई दाखला न्यायला आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. माझ्यापेक्षा लहान असेल, तिशीतली. सिमेंटनं बोटं फुटलेली, पायात नव्या चपला. खुर्ची दिली तर बसेना, मग अर्धी टेकून बसली.

“लई नाव घेती तुमचं फोनवर. बाई असं म्हन्ल्या, बाई तसं म्हन्ल्या. अक्काचं बी लई सांगती.”

मुलगी आईच्या पदराला धरून उभी होती. एवढ्या महिन्यांत मी तिचा असा चेहरा बघितला नव्हता. ती आईला हातपंप दाखवत होती, आपली बसायची जागा दाखवत होती, फळ्यावरचं कालचं वाक्य वाचून दाखवत होती. माझ्याकडं तिचं लक्षच नव्हतं. मी दाखला लिहिला, नाव, जन्मतारीख, शाळा सोडण्याचं कारण. सही करून शिक्का मारला. हजेरीतली तिची ओळ बंद केली.

“बाईंच्या पाया पड,” आई म्हणाली. ती पडली. अक्कांच्याही पडली. अक्कांनी तिच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांची पुडी दिली आणि डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग दोघी मायलेकी फाटकातून बाहेर पडल्या. मुलगी काहीतरी सांगत उलटी चालत होती, आईकडं तोंड करून. तोंड शाळेकडं होतं, पण नजर आईवरून हलत नव्हती. वळणापर्यंत ती तशीच गेली.

पुढचे पंधरा दिवस मी रोज शाळेत गेले, कारण आदेश आला नव्हता. दहाला कुलूप काढायची, चारला लावायची. कधी नव्हे ती कपाटं झाडली. अक्काही यायच्या. त्यांना यायचं कारण नव्हतं, स्वयंपाक कुणाचा करणार? “सकाळ झाली की पाय हिकडंच वळायलेत,” त्या म्हणायच्या. आम्ही पायरीवर बसायचो. त्यांना मी त्यांच्याबद्दल विचारलं, आणि या वेळी मराठीत. लग्न कोणत्या साली झालं, नवरा कसा होता, मुलगा कलबुर्गीला काय करतो. मुलगा गाणगापूरच्या रस्त्यावर एका लॉजमध्ये कामाला लागला होता, आता कलबुर्गीत स्वतःची चहाची गाडी होती. ये म्हणायचा. त्या जात नव्हत्या.

“म्हस हाय ना,” त्या म्हणाल्या.

मग आदेश आला. शाळा हुलसूरच्या शाळेत विलीन झाली. बाकं, कपाट, मोठी पातेली ट्रॅक्टरमधून गेली. मी यादीवर सह्या केल्या. अक्कांचं काम सुटलं, त्या तुरीच्या रानात कामाला जायला लागल्या. माझी बदली हुमनाबादकडं, निर्ण्याजवळच्या एका शाळेत झाली. त्या शाळेत सहा शिक्षक होते आणि माझ्या वाट्याला चौथीचा भरलेला वर्ग.

सामान हलवायला ह्यांनी तीन दिवसांची रजा काढली. मी म्हटलं होतं, टेम्पोवाला आहे, यायची गरज नाही. तरी आले. नव्या खोलीत त्यांनी गॅसची नळी बदलली, मच्छरदाणीला खिळे ठोकले, नळाला वायसर घातला. त्यांना हाताला काम असलं की बरं वाटतं. मी भांडी लावत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आम्ही दाराशी बसलो होतो. बाहेर कुणीतरी ज्वारीचा कडबा गाडीतून नेत होतं.

“त्या गावात तू एकटीच होतीस म्हणे चार महिने,” ते म्हणाले. “अख्ख्या शाळेत.”

“एक मुलगी होती. अक्का होत्या.”

“मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं. विद्यार्थी कमी आहेत म्हणाले होते.”

“कमी म्हणजे मला पंधरा-वीस वाटले.” ते पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्यावरची माती खरवडत राहिले. “मी आता भावाकडची खोली सोडतो. वेगळी घेतो, स्वयंपाकघर असलेली. उन्हाळ्यात आठ दिवस येतेस, त्याऐवजी पूर्ण सुट्टी ये.”

भावाच्या घरात आठ दिवस मी पाहुणीसारखी राहायची, हे त्यांनाही माहीत होतं, पण नऊ वर्षांत आम्ही ते कधी बोललो नव्हतो.

“नोकरी मी सोडणार नाही,” मी म्हणाले.

“सोड कुठं म्हणतोय मी.”

“मग येईन.”

तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसनं ते गेले. शनिवार होता, सकाळची शाळा. मी स्टँडवरूनच परस्पर शाळेत गेले. चौथीच्या वर्गात पोरांचा कालवा चालला होता, एकाच बाकासाठी तिघं भांडत होते. मला बघून सगळी उभी राहिली. मी हजेरीपट उघडला. पहिला आठवडाभर मी धडा कुठलाच घेतला नाही, फक्त त्यांची नावं पाठ केली.